दहावा गडी

(गावाबाहेर, रामवाडीची चहाची टपरी. गावातली बैठक नुकतीच सुटली आहे.)

सुजय: थांब रे दादा, चहा तरी घेऊ दे. आईला बसायला जागा दे आधी, दोन तास देवळात उभी होती ती.

हर्षद: नाव काढलं का, तेवढं सांग.

सुजय: सांगतो, सगळं पहिल्यापासून सांगतो, नायतर मजा नाय.

हर्षद: मजा कसली? इथं बसून तीन चहा झालेत माझे.

गोदूबाई: मग गावात यायचं व्हतंस. चिठ्ठी लिवायला हात हाय, तोंड दाखवायला पाय नाय?

हर्षद: रागात लिहिली गो आई. बत्तीस लाख पगार सगळ्यांना दिसतो. त्यातले साडेपाच लाख माझ्या हातात यायच्या आधीच कंपनी कापून सरकारला भरते, ते कुणाला दिसत नाही. आणि खारबांधाच्या कामाला पूर्वीपासून घरटी एक गडी, तर यंदा कमाई बघून माझ्या एकट्याचे दहा गडी. एका गड्याचे सहाशे रुपये रोज, आठ दिवस. गणपतीचा कारखाना चालवणाऱ्या रितेशचे मात्र दोन. का, तर त्याच्या रिटर्नमध्ये कमाई सहा लाख.

गोदूबाई: म्हणून लिवलंस, बांधाच्या यादीतनं आमचं नाव काढा. तुझं काय, तू रोह्यात. उद्या बांधाला खांड पडली, खारं पाणी भातात शिरलं, तर मी कुणाच्या दारात जाऊ? यादीत नाव नसलेल्या घरासाठी कोण धावतो?

सुजय: तेच ना. चिठ्ठी मोठ्यानं वाचली. रितेश म्हणतो, काढा की नाव, मोठ्या माणसांना बांध कशाला. दोघातिघांनी माना पण हलवल्या. मला वाटलं, संपलं आपलं. तेवढ्यात हिरामणकाका उठले. मिठागरावर जन्म गेला त्यांचा, बैठकीत बोलणार वर्षातून दोनदा.

हर्षद: काय म्हणाले?

सुजय: रितेशलाच विचारलं, तुझ्या कारखान्यातून यंदा गणपतीचे ट्रक किती गेले? हा म्हणे, सहा-सात असतील. मागून ट्रक भरणारा नितेश म्हणाला, अकरा. भरायला मीच होतो, खांदा अजून दुखतोय. मग काय रे, सुरूच झालं. कुणी माती मळलेली, कुणी डोळे आखलेले. कृष्णाबाई म्हणे, चार हजार मूर्तींच्या मुकुटांना खडे मी चिकटवले, मूर्तीमागं पैसे घेतलेत, आकडा चुकायचा नाय. अर्ध्या गावानं रितेशची कमाई त्याच्यासमोर तोंडपाठ म्हटली.

हर्षद: आणि तो?

सुजय: छपराकडं बघत बसला. शेवटी म्हणाला, लिहा बारा.

हर्षद: बारा? माझ्यापेक्षा दोन जास्त?

गोदूबाई: बघ, कसा चेहरा उजळला.

हर्षद: तसं नाही गो. दहा गड्यांनी मी मरत नाही. सरकारला माझी पगाराची स्लिप दिसते, ट्रक दिसत नाहीत. गावाला तरी दोन्ही दिसावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

सुजय: दिसलं की. रितेशचे वाढले म्हणून तुझे दहाचे आठ केले.

हर्षद: हे बरं झालं.

सुजय: केले होते. मग हिरामणकाका परत उठले.

हर्षद: वर्षातून दोनदा बोलतात ना?

सुजय: ही दुसरी वेळ. म्हणाले, रोह्याला लागून अष्टमी गाव हाय, तिथं पुलाजवळ हर्षदचा गाळा हाय. मोबाईलवाल्याला दिलाय, महिना चौदा हजार, रोख. तो धरला का?

हर्षद: त्यांना कुणी सांगितलं?

गोदूबाई: मी. दिवाळीला. कौतुकानं सांगितलं व्हतं.

सुजय: दादा, ते भाडं तू रिटर्नमध्ये दाखवतोस ना?

हर्षद: चहा निवतोय तुझा.

सुजय: बरं. तर गाळ्याचे दोन.

हर्षद: आठ आणि दोन. म्हणजे दहाच की.

सुजय: दहाच.

गोदूबाई: हसतोस काय असा?

हर्षद: मग काय करू? दोन दिवस जेवण गेलं नाही मला. नाव आहे ना आपलं?

गोदूबाई: हाय. तुझ्या बापाचंच हाय अजून, कुणी हात नाय लावला. ही घे तुझी चिठ्ठी, हिरामणनं परत दिली.

हर्षद: हिचं काय करू आता?

गोदूबाई: ठेव. परत राग आला का वाच.

हर्षद: सीएला उद्याच फोन करतो, गाळ्याचं भाडं पण दाखव म्हणून. आणि सुजय, नऊ गड्यांचे पैसे आजच नेऊन दे. दहाव्याचे पैसे फक्त सोमवारपासून. शनिवार-रविवार दहावा मी.

सुजय: तू? लॅपटॉपची बॅग उचलताना कंबर धरतोस. तिथं ओल्या चिखलाचं घमेलं असतं.

हर्षद: बघू की. किती वाजता यायचं?

सुजय: शनिवारी भरतीचं पाणी उतरलं की काम सुरू. सहाला बांधावर पाहिजेस. रोह्यावरून निघायचं म्हणजे पाचच्या आत उठ.

हर्षद: शुक्रवारीच येतो मुक्कामाला. चालेल ना आई?

गोदूबाई: ये. बूट नको आणूस, चिखलात रुतून बसतील. तुझ्या बापाचं घमेलं माळ्यावर हाय, उतरवून ठेवते.