झोपेचा नकाशा

आमच्या बाळाला लस टोचायला दवाखान्यात नेलं होतं. शेजारच्या बाकावर एक जोडपं बसलेलं. त्याच्या मांडीवर लॅपटॉप, तिच्या खांद्यावर टक्क जागी लेक.

“जमलं गं! तुझ्या फोनमधल्या फेऱ्या आणि माझ्या, सगळ्या एकाच नकाशावर आल्या.”

“मग या बाई झोपतात कुठे, ते सांग. बाबागाडी ढकलून हात गळून आलेत. हिचे डोळे मिटले की मी लगेच फोनवर खूण करत होते.”

“खुणा इकडे तिकडे पसरल्यात. ठरलेली अशी जागाच नाही.”

“असं कसं? लाकडाच्या वखारीपाशी तर मी रोज केलीय.”

“तिथे एकच दिसतेय.”

“एकच? बाकीच्या तुझ्या प्रोग्रॅमने खाल्ल्या?”

“खाल्ल्या नाहीत गं. जवळजवळच्या खुणा एकच धर, असं मीच लिहिलंय. आपल्या दोघांच्या दुबार नकोत म्हणून.”

“अरे शहाण्या! ती रोज तिथेच झोपते, म्हणून तर खुणा एकमेकींवर पडल्या. त्याच तू पुसल्यास?”

“थांब, ती ओळ काढतो... बाप रे!”

“कांजण्या उठल्यात की वखारीसमोर!”

“तिथली करवत सारखी घरघरत असते ना.”

“अगदी तुझ्या घोरण्यासारखी.”

“मग रात्री मी शेजारी असतो, तेव्हा का झोपत नाही?”

“कारण मी तुला ढोसून कुशीवर वळवते.”

“आज नको ढोसूस. बघू तरी.”

“बघू. ती झोपली, तर मी उशी घेऊन वखारीत जाते. रात्री तिथे तरी शांत असेल.”