माहेरच्या नावाची कार्डं

पोलादपूरच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या. एकीच्या मांडीवर शाल आणि नारळ होता. कान देऊ नये हे कळत होतं, पण एस.टी. येत नव्हती.

“तुम्ही आमच्या चंद्रभागेच्या खो-खोच्या बाई ना? मी कापडे गावची सोनाबाई, तिची आई.”

“अहो, आज महाडला माझा सत्कार होता. चंद्रभागा का नाही आली?”

“कार्ड आलं, फळीवर ठेवलंय. सासरी कसं धाडू? तिथं तिचं नावच बदललंय. खेळायची म्हनून कुनाला ठाव नाय.”

“संघातल्या नऊही जणींना मी कार्ड माहेरीच पाठवलं. दुसरा पत्ता कुठे होता माझ्याकडे?”

“मग कोन आल्या?”

“कोणी नाही. माइकवरून म्हणाले, बाईंच्या मुलींनी उठून उभं राहावं. सगळे मागे वळून बघत राहिले. मग टाळ्या वाजवल्या.”

“बाई, भाकऱ्या थापताना कुनी मागून पाठीला हात लावला, तर चंद्रभागा अजून ताडकन उठते. सासू म्हनते, सून भित्री हाय.”

“आणि ती काय सांगते?”

“ती परत खाली बसते.”