मानाची नावं

काका – म्हणजे हे सगळं भाषण फोननं लिहिलं?

लाफाएले – हो, उलुगिया काका. एकदा नजर घाला ना. गावचे सगळे मताई, घराण्याघराण्यांचे प्रमुख, येऊन बसलेत.

काका – बापानं रोज संध्याकाळी समोर बसवून शिकवलं होतं की तुला.

लाफाएले – मी ते रेकॉर्ड करत होतो.

काका – मग तेच ऐक.

लाफाएले – तो जुना फोन होडीतून पाण्यात पडला.

काका – वा! बापाची सगळी विद्या आता माशांना पाठ.

तालिता – काका, आज तरी दादाला टोचू नका. बाबांच्या कबरीवरची माती अजून ओली आहे.

काका – टोचतोय कुठे, पोरी? आज हा नीट बोलला की बापाचं मताईपद याचं. नाही बोलला तर ते या म्हाताऱ्याच्या गळ्यात. मला कशाला हवाय तो ताप?

लाफाएले – मानाची नावं तेवढी बघा. कुणाला आधी, कुणाला नंतर. एक जरी चुकलं तरी लोक आहेर म्हणून आणलेली डुकरं घेऊन परत जातील.

काका – आण इकडे. हं... हं. छान. फारच छान. जसंच्या तसं वाच, पदरचं काही घालू नकोस.

लाफाएले – देवासारखे भेटलात, काका.

काका – ऊठ आता. लोक थांबलेत.

(लाफाएले उभा राहून वाचू लागतो. काका आणि तालिता त्याच्या मागेच बसले आहेत.)

तालिता – आवाज अगदी बाबांचा. काका, हे माआलोना घराणं कुठलं? पहिला मान त्यांना दिला दादानं.

काका – तुझ्या आजोबांनी गावाबाहेर काढलं ते. समोर बसलेत ना, त्या थोरल्या मताईंच्या भावाला त्यांनी ठार मारलं होतं. त्याआधी पहिला मान त्यांचाच असायचा. फोनला जुनंपुराणं काहीतरी सापडलं असेल.

तालिता – तुम्ही वाचलंत ना?

काका – दोनदा.

तालिता – मग बोलला का नाहीत?

काका – छान आहे म्हणालो की. भाषा छानच आहे.

तालिता – थोरले मताई उठले. मी दादाला थांबवते.

काका – बस खाली. मध्ये बोललीस तर उरलेली अब्रूही जाईल. त्याचं संपू दे, मग मी उठतो. घराण्याच्या वतीनं गुडघे टेकून माफी मागतो.

तालिता – आणि मताईपद?

काका – गाव काय ते ठरवेल. पण माफी मागणाऱ्याला सोडून दुसऱ्या कुणाला दिलेलं मी तरी पाहिलं नाही.

तालिता – तुमच्या सख्ख्या भावाचा मुलगा आहे तो!

काका – तोच भाऊ म्हणायचा, पोरगं फोनमधून मान वर काढत नाही, तू तरी ही नावं ऐक. मी ऐकलं.

लाफाएले – काका... काका, लोक उठून का चाललेत?

काका – मन भरून आलंय रे त्यांचं. तू वाच.