देवाचा चौरंग, नातवाचं टेबल

याचा शेवट कोणी आधी ओळखला, तर पुढचा चहा माझा.

नातवाला प्लास्टिकचे ठोकळे जोडायचा लय नाद. मी घरातला पूजेचा चौरंग घेतला, ठोकळे खाली पडू नयेत म्हणून कडेनं पट्ट्या ठोकल्या, झालं त्याचं टेबल. मुलगा तापला.

"आप्पा, देवाचा चौरंग हाय तो. पट्ट्या काढा."

"नाय काढणार. कर काय करायचं ते."

त्यानंबी हट्टानं नाशकातून बाराशेचं रंगीत टेबल आणलं. "उद्या सत्यनारायण झाला का यावरच खेळंल तो," म्हणला.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. "चौरंग कुठंय?"

चौरंगावर नातवाचा किल्ला उभा, हात लावला का रडारड. मी नवंकोरं टेबल पुढं सरकवलं. "घ्या गुरुजी, अजून कोणी खेळलं नाय यावर."

गुरुजींनी चारी पायांना केळीचे खुंट बांधले. मुलगा बायकोसंगं पूजेला बसलेला, गुरुजींपुढं बोलतो काय?

पूजा उरकल्यावर त्यानं टेबल उचललं, तर आमच्या म्हातारीनं हात धरला. "ठेव खाली. देव बसला त्यावर, आता ठोकळे मांडायचे नाय."

माझ्या पट्ट्या अजून तशाच हायेत. बाजारात नवा चौरंग पाचशेला मिळाला असता, माझ्या पोराला बाराशेला पडला.