शालिनीला संसार बघायचाय

उषाताई : चपला राहू द्या तिथंच, कुणी नेत नाही. बसा. म्हणजे तुम्हीच त्या शनिवारच्या बाई? अगंबाई! मला वाटलं होतं अंबाडा असेल, चष्मा असेल. तुम्ही तर आमच्या शालिनीएवढ्याच दिसता.

वनमाला : एकोणीस पूर्ण झालीत, काकू. बी.ए.ला आहे मी. आम्ही कॉलेजातल्या चौघीजणी दर शनिवारी मुरारला येतो, तुमच्या हायस्कूलच्या मुलींना शिकवायला.

उषाताई : ते सांगितलंय तिनं. पण कशाला, तेच मला कळत नाही. शाळेत काय बायांचा दुष्काळ पडलाय?

वनमाला : बाया भरपूर आहेत. पण मागच्या साली दहावीतून सव्वीस मुली पास झाल्या आणि कॉलेजात आल्या फक्त दोन. म्हणून आमच्या प्रोफेसरबाई म्हणाल्या, तुम्हीच जा. मुलींना दिसू दे तरी कॉलेजातली मुलगी कशी असते.

उषाताई : कशी असते?

वनमाला : अशीच. कधीकधी सायकलवरून पडते.

उषाताई : म्हणजे ग्वाल्हेरच्या पार त्या टोकाहून, जयेंद्रगंजातल्या कॉलेजातून इथपर्यंत सायकलवर आलात? धन्य आहे! पाणी घ्या आधी. आणि परतताना एवढं कार्ड पोस्टाच्या पेटीत टाकाल? पेटी तुमच्या वाटेवरच आहे.

वनमाला : टाकीन की. हे बघा, पिशवीत ठेवलं. काकू, मी शालिनीसाठी आले. दोन शनिवार झाले, ती दिसली नाही. आज हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, घरचे तिचं नाव शाळेतून काढणार आहेत. मला तर विश्वासच बसेना. सच सांगते, वर्गात सगळ्यात जास्त सवाल तीच विचारते.

उषाताई : आईवर गेलीय. मलाही एक विचारायचंय. कॉलेजात म्हणे मुलं-मुली एका वर्गात बसतात?

वनमाला : बसतात, पण आमचा बाक सगळ्यात पुढं. आम्ही आमच्या खोलीत थांबतो. प्रोफेसर निघाले की त्यांच्या मागोमाग रांगेनं वर्गात, आणि तास संपला की त्यांच्या मागोमाग बाहेर.

उषाताई : वरातीसारखं!

वनमाला : बिलकुल! फक्त बाजा नसतो.

उषाताई : बरं, आणि शनिवारी शिकवता काय? शालिनी घरी येऊन नकाशा नकाशा करत होती.

वनमाला : शाळेतला नकाशा जुना आहे ना. त्यात ग्वाल्हेर संस्थान अजून वेगळ्या रंगात आहे. त्यानंतर मग मध्यभारत झाला, आणि आता एक नोव्हेंबरला तोही जाऊन मध्यप्रदेश होणार. शालिनी विचारते, "दीदी, पेपरात कुठला काढायचा?"

उषाताई : मग? काय सांगितलंत?

वनमाला : मलाही नव्हतं ठाऊक. म्हटलं, तिन्ही काढायला शीक.

उषाताई : आणि माझं माहेर कुठं आलं त्यात? कोरेगाव. सातारा जिल्हा.

वनमाला : मुंबई राज्यात. गुजरातसुद्धा त्यातच.

उषाताई : घ्या! पंधराव्या वर्षी इथं आले, तेव्हापासून घरचा उंबरा सोडून कुठं गेले नाही, आणि सरहद्दी आपल्या हलतायत. आमचे हे मोतीमहालातल्या सरकारी कचेरीत आहेत. कचेरी नव्या राजधानीला, भोपाळला चालली, म्हणजे हेही चालले. चार पिढ्या ग्वाल्हेरात काढल्या ह्यांच्या घराण्यानं, पलटणीत नाव होतं. बदलीचा हुकूम आला त्या दिवसापासून घरात हसणं बंद होतं. आता कुठं जरा बरं चाललंय. शालिनीचं ठरलं ना!

वनमाला : काय ठरलं?

उषाताई : लग्न! इंदूरचं स्थळ आहे. मार्गशीर्षात उरकायचं. होकार तर तुमच्याच पिशवीत आहे.

वनमाला : ह्या कार्डात? पण काकू, मार्चमध्ये परीक्षा आहे तिची! आणि तिला तर पुढं शिकायचंय, इंटर करायचंय, मग बी.ए.

उषाताई : ते तुम्ही म्हणता. तिनं स्वतः काय लिहिलंय ते वाचलंय मी. आणि बाई, राग मानू नका, पण मला तुमचंच नवल वाटलं. शिकवायला येता कॉलेजचं, आणि असल्या गोष्टीला लाल पेन्सिलीनं शाबासकी देता!

वनमाला : कसल्या गोष्टीला?

उषाताई : थांबा, वहीच आणते. बघा. तुम्हीच विषय दिलात ना, दहावीनंतर काय करणार म्हणून? "मैं संसार देखना चाहती हूँ." संसार बघायचाय! सोळाव्या वर्षी! मी ह्यांना दाखवलं. म्हटलं, पोरीच्या मनात आहे, तोंडानं सांगायला लाजते, आता कशाला थांबायचं? आणि खाली हे तुमचं, "बहुत सुंदर."

वनमाला : अरे देवा.

उषाताई : का? हसताय काय? रडताय का?

वनमाला : काकू, हा तो संसार नाही. हिंदीत संसार म्हणजे जग. सगळी दुनिया. तिला दुनिया बघायचीय!

उषाताई : मला हिंदी शिकवू नका. बावीस वर्षं भाजीवाल्याशी भांडतेय मी हिंदीत. सगळे दुनियाच म्हणतात. संसार म्हणताना एकालाही नाही ऐकलं.

वनमाला : बोलताना नाहीच म्हणत. निबंधात म्हणतात. आता तर सगळीकडे शुद्ध हिंदी हवी ना. काकू, गलती माझी आहे. तिनं आधी दुनियाच लिहिलं होतं. मीच ते लाल पेन्सिलीनं काटलं. म्हटलं, उर्दू वाटतं, परीक्षेत संसार लिही. मग तिनं ही साफ प्रत काढली.

उषाताई : तुम्ही काटलं?

वनमाला : घरी मराठी बोलते मी, तरी माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या एका शब्दापायी तिचं लग्न ठरलं! पुढची ओळ वाचलीत का? "समुद्र कितना बड़ा है, यह मैं पुस्तक से नहीं, अपनी आँखों से जानना चाहती हूँ."

उषाताई : वाचली ना. मला वाटलं, कोकणातलं स्थळ हवंय.

वनमाला : काकू!

उषाताई : अगं, मग काय वाटणार? ... शाले! ए शालिनी! ते पीठ राहू दे, इकडे ये. हात पुसू नकोस, अशीच ये. ही वही तुझी ना? हा संसार म्हणजे काय?

शालिनी : जग.

उषाताई : मग त्या दिवशी इंदूरचं सांगितलं तेव्हा तोंडाला कुलूप लावलं होतंस का? मी म्हटलं, तुझ्या मनासारखं होतंय, आणि तू मान खाली घातलीस. मला वाटलं लाजलीस!

शालिनी : रडत होते.

उषाताई : मग बोलली का नाहीस गं, बये?

शालिनी : आबा हसत होते. चार महिन्यांनी हसले, आई. त्यांनी पेढे आणले आणि पहिला मला भरवला. तो पेढा तोंडात असताना काय बोलू? वाटलं, आपण नाही म्हटलं तर पुन्हा ते भिंतीकडे तोंड करून बसतील.

उषाताई : आणि मला? मला रात्री येऊन सांगायचं होतंस.

शालिनी : तू पण हसत होतीस.

(आत चुलीवरचं दूध उतू जातं.)

उषाताई : जाऊ दे ते दूध. वनमाला, आता तूच सांग, भोपाळला कॉलेज आहे का मुलींना?

वनमाला : आहे. मी सगळी माहिती काढून आणते. परीक्षा इथूनच देऊ दे, मार्चपर्यंत तुम्ही दोघी इथंच थांबा. तोवर दर शनिवारी मी घेईन तिचा अभ्यास, आणि आता एकही शब्द काटणार नाही. पण हे कार्ड...

उषाताई : आण इकडे. संध्याकाळी हे आले की आधी चहा देईन, मग वही वाचून दाखवीन. हिंदीत आणि मराठीत, दोन्हीत. कार्ड पुढ्यात ठेवीन. फाडायचं की टाकायचं ते त्यांच्या हातानं करू देत.

शालिनी : आबा रागावतील.

उषाताई : रागावतील. दोन दिवस जेवताना बोलणार नाहीत. मग हळूच विचारतील, समुद्राचं काय लिहिलं होतं पोरीनं. बावीस वर्षं ओळखते मी त्यांना.

वनमाला : काकू, वही द्या. पेन्सिल आहे माझ्याकडे. मी ते परत दुनिया करून देते, म्हणजे काकांचा घोटाळा नको व्हायला.

उषाताई : नको, राहू दे संसारच. मी बावीस वर्षं नुसता केला गं, बघायचा राहूनच गेला. तिला बघू दे.