घासलेला तांब्या

"कप नीट घासून आण" असं तू चहावाल्याला म्हणालास न्हवं, त्यावरनं एक तांब्या आठवला बघ. मी पोलिसात बोटांचे ठसे घ्यायच्या कामावर होतो तवाची गोष्ट. राधानगरीकडं एका म्हातारीचा खून झालता. वाटसरू म्हणून आलेल्या माणसानं पाणी मागितलं, तिनं दिलं. पाणी पिऊन त्यानं तिचा गळा दाबला आणि बोरमाळ घेऊन पळाला. त्याला तांब्या तोंडाला लावताना शेजारणीनं बघितलं होतं.

म्हटलं, तांब्यावर बोटं गावणार. निघतानाच फोनवर सांगितलं, कशाला हात लावू नका.

पोचलो तर दारात निम्मं गाव. म्हातारीचा नवरा पायरीवरनं उठला, आत जाऊन पाणी घेऊन आला.

"घ्या साहेब, लांबनं आलायसा. तिला कुणी हात लावला न्हाय, तुम्ही सांगितलं तसं."

"आजोबा, त्यो पाणी प्याला तो तांब्या कुठं हाय?"

"ह्योच की. तुम्ही येणार म्हणून चिंच लावून घासला. त्या हरामखोराचा उष्टा तांब्या तुमच्या हातात कसा देऊ?"

तांब्या घेतला. पाणी प्यालो.

खुनी आजवर सापडला न्हाय. म्हातारा बाजारात भेटला की विचारतो, "साहेब, ठसं गावलं का?"

मी म्हणतो, "शोधतोय."