धुलाई झाली असेल तर

आता तुम्हीच सांगा, विश्वास कुणावर ठेवायचा, ओरडणाऱ्यावर की गप्प बसणाऱ्यावर? मी सदाशिव, लखनौच्या अमीनाबादेत चिकनकारी भरतकामाचे कुर्ते विकतो, पंचावन्नाव्या वर्षी मोबाइलवर बघून बघून जावा नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकलो, आणि तुम्हाला सांगतो, तो कॉम्प्युटर इतका ओरडका, इतका ओरडका...! 'इफ'चा, म्हणजे 'जर'चा, आय मोठा काढला, ओरडला. बारीक केला. कंस उघडला, मिटायचा राहिला, ओरडला. मिटला. बरोबर आहे का हे विचारायला बरोबरची चिन्हं दोन लागतात, मी काटकसरीनं एकच टाकलं, तर लाल अक्षरांत ओरडला! दुसरं दिलं. शेवटी गप्प. मी म्हटलं, जिंकलो!

प्रोग्राम साधा हो. कापडावर छपाईच्या निळ्या रेघा, त्यांवर भरतकाम, मग त्या रेघा घालवायला धुलाई. धुलाई झाली असेल तरच गिऱ्हाइकाला निरोप: "आपका कुर्ता तैयार है।" दाबलं बटण. निरोप गेले... एकशे चाळीसच्या एकशे चाळीस जणांना! धुतलेले कुर्ते किती? नऊ! आणि तो? गप्प!

सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नाही. सगळ्यांत पुढे हजरतगंजच्या दीप्ती मॅडम, मुलाचं लग्न, वरातीचे एकवीस कुर्ते माझ्याकडे. नवरदेवाचा उलगडला, सगळा निळा! "सदाशिव जी, दूल्हा यही लकीरें पहनकर जाएगा? बाक़ी बीस कहीं और बनवा लूँ?" लखनौची माणसं, खरडपट्टीसुद्धा अदबीनं काढतात!

लेकीला फोन केला, प्रोग्रामचा फोटो पाठवला. संपदा म्हणते, "पापा, इफ वाली लाइन के आख़िर में सेमीकोलन क्यों लगाया?" अगं, तो टिंबाखालचा स्वल्पविराम ओळीच्या शेवटी लावायचा असं मोबाइलवरचा शिकवणाराच म्हणाला ना! शिवाय तीस वर्षं वहीत ओळ संपली की रेघ मारणारा माणूस मी, हात थांबतो होय? "पापा, शर्त वहीं ख़त्म हो गई! नीचे वाला मैसेज तो सबको जाएगा ही।" म्हणजे मी विचारलं, धुलाई झाली का? आणि उत्तर न ऐकताच पुढे सुटलो! अन् एवढ्या मोठ्या चुकीला तो गप्प!

काढला सेमीकोलन. मॅडमना चहा दिला, हात जोडले, सगळं खरं सांगितलं. हसल्या. "ठीक है, ऑर्डर रहने दीजिए। पर मशीन का मैसेज नहीं। कुर्ते धुल जाएँ, तो फ़ोन आप ख़ुद करेंगे।" मागून सगळं दुकान ओरडलं, "हमें भी!"

प्रोग्राम आता बिनचूक आहे हो, नऊ म्हणजे नऊच दाखवतो... फोन मात्र मी करतो. तुम्ही शिकायला बसाल तेव्हा एवढंच करा, आपल्या चुकांचा हिशोब प्रामाणिक ठेवा. माझ्या चार. आमची बायको सुचित्रा चारशे म्हणते, पण ती लग्नाच्या दिवसापासून मोजते!